माळ पुरी होते, अक्षरं राहतात

‘नमः शिवाय’ हा पंचाक्षरी मंत्र. न, मः, शि, वा, य. मोजून पाच. आता सोमवारी शंकराच्या देवळात रांगेतला जप कान देऊन ऐका. बहुतेकांच्या तोंडून येतं ते ‘नमहा शिवाय्’. विसर्गाचा ‘हा’ झाला, एक अक्षर वाढलं. शेवटच्या ‘य’मधला ‘अ’ गळाला, एक अक्षर घटलं. बेरीज पुन्हा पाचच, पण ही पाच अक्षरं मंत्रातली नव्हेत. इकडे माळ मात्र १०८ मण्यांची पुरी झालेली असते.

जपात चुका पुष्कळ होतात, पण त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: घाई. अक्षर गळतं ते घाईने, मणी सुटतो तो घाईने, संकल्प अर्धवट राहतो तोही घाईने मोठा आकडा धरल्यामुळे. म्हणून माळ कुठली घ्यावी, कुठल्या दिशेला बसावं या प्रश्नांच्या आधी तोंडाकडे पाहू.

मराठी माणसाच्या तोंडाला काही सवयी आहेत. बोलताना शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारतच नाही. लिहितो ‘घर’, म्हणतो ‘घर्’. मधलाही गाळतो, ‘करवत’चं ‘कर्वत’ होतं. मराठीत यात चूक काही नाही, पण संस्कृत मंत्रात प्रत्येक अक्षराला स्वतःचा स्वर आहे आणि मंत्राचं नाव पुष्कळदा त्या मोजणीवरूनच पडलेलं आहे. ‘ॐ नमो भगवते वासुदेवाय’ हा द्वादशाक्षरी. ॐ, न, मो, भ, ग, व, ते, वा, सु, दे, वा, य अशी बारा अक्षरं. ‘भग्वते वासुदेवाय्’ म्हटलं की दहा उरतात. ‘गणपतये’चं ‘गण्पतये’ होतं, ते याच सवयीने. उलट काही जण ‘अ’ गाळायचा नाही म्हणून तो ताणतात आणि ‘शिवाया’ करून ठेवतात. ऱ्हस्व ‘अ’ एक मात्रेचा. तो पुरता म्हणायचा आणि सोडून द्यायचा.

विसर्गाचंही तसंच. मंत्राच्या शेवटी ‘नमः’ आलं तर मागच्या स्वराचा हलका पडसाद पुरे, अर्धवट ‘नमह’सारखा, दणदणीत ‘नमहा’ नको. मध्ये आलेला विसर्ग तर पुढच्या अक्षराला चिकटतो. ‘नमः शिवाय’ भरभर म्हणताना ‘नमश्शिवाय’ होतं, आणि हा बिघाड नसून व्याकरणाला मान्य असलेला संधी आहे. ‘हा’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी शुद्ध. ‘भूर्भुवः स्वः’मध्येही ‘भुवस्स्वः’ असं जोडून म्हणता येतं. ‘स्वः’चं ‘स्वाहा’ मात्र करू नये. जप आहे, आहुती नाही.

च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’तला च वेगळा, ‘चिमणी’तला वेगळा. संस्कृतात फक्त दुसरा चालतो. ‘प्रचोदयात्’मधला च चिमणीचा, ‘यजामहे’मधला ज ‘जीव’मधला, ‘जहाज’मधला नव्हे. न्यासात, म्हणजे जपाआधी मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करतात त्यात, ‘अस्त्राय फट्’ येतं, तिथे फ दोन्ही ओठ मिटून. दात ओठावर टेकवून म्हणतात तो इंग्रजीचा.

मृत्युंजय मंत्रात (ऋग्वेद ७.५९.१२) एक जागा हमखास फसते. शेवटचा शब्द ‘मामृतात्’ दिसतो, पण तो ‘मा अमृतात्’ असा आहे. मृत्यूपासून सोडव, अमृतापासून नको. ‘मुक्षीय’ इथे थांबून मग ‘मामृतात्’ म्हटलं की अर्थ नीट लागतो. ‘मुक्षीय’चं ‘मोक्षिये’ करणाऱ्यांना बहुधा मोक्ष डोळ्यांपुढे असतो. मंत्रात मात्र क्रियापद आहे, आणि त्याआधी देठापासून सुटणारं काकडीच्या जातीचं फळ आहे: उर्वारुकम् इव.

गायत्री मंत्र (ऋग्वेद ३.६२.१०) चोवीस अक्षरांचा म्हणतात, आणि मोजायला बसलं की तेवीसच भरतात. पहिल्या पादात ‘तत्सवितुर्वरेण्यं’ची सातच अक्षरं होतात. छंदाची मोजणी ‘वरेणियं’ धरून आठ करते; म्हणताना ‘वरेण्यं’च म्हणायचं. जपाला थांबे पाच: ॐ, भूर्भुवः स्वः, तत्सवितुर्वरेण्यं, भर्गो देवस्य धीमहि, धियो यो नः प्रचोदयात्. ‘धीमहि’चा हि ऱ्हस्व. ‘धियो यो नः’ हे तीन सुटे शब्द आहेत. ‘योनः’ असा एक शब्द नाही. शेवटचा त् हलन्त, त्याला ‘अ’ लावू नये. जिथे ‘अ’ हवा तिथे गाळायचा आणि जिथे नको तिथे लावायचा, ही आपली खोडच आहे.

गायत्री, मृत्युंजय हे वैदिक मंत्र. त्यांना उदात्त-अनुदात्त-स्वरित असे आवाजाच्या चढ-उताराचे स्वर आहेत. पाणिनीने यज्ञकर्मात मंत्र एकाच सुरात म्हणायची मुभा दिली, पण त्याच सूत्रात (१.२.३४) जपाला त्यातून वगळलं. स्वर पुस्तकातून येत नाहीत. कुणाकडून तरी कानाने घ्यावे लागतात. चाल लावलेल्या रेकॉर्डवरून तर मुळीच घेऊ नयेत. गायकाला ताल पुरा करायचा असतो म्हणून तो अक्षरं ताणतो, आणि ऐकणाऱ्याच्या जिभेवर तेच ताणलेलं रूप बसतं.

उच्चार तपासायला सोपी रीत आहे. पहिली माळ हातात घेण्याआधी मंत्र दहा वेळा अगदी सावकाश, एका अक्षराला एक बोट मोडत म्हणायचा. मग नेहमीच्या गतीने दहा माळा करायच्या आणि अकरावी माळ मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकायची. पहिली नको, पहिली सगळ्यांची चांगली असते.

आता गती. ‘ॐ नमः शिवाय’ न ओढता, न पळवता म्हटलं तर दोन-अडीच सेकंद लागतात, म्हणजे माळेला चार मिनिटांच्या आसपास. द्वादशाक्षरीला सहा मिनिटं. गायत्रीला व्याहृतींसह (‘भूर्भुवः स्वः’) नऊ-दहा सेकंद, म्हणजे माळ सोळा ते अठरा मिनिटांची. मृत्युंजयाला बावीस-तेवीस मिनिटं. कुणाची गायत्रीची माळ आठ मिनिटांत होत असेल तर सेकंदाला सहा अक्षरं पडताहेत. त्यात ‘र्व’, ‘ण्य’, ‘र्गो’, ‘स्य’ ही जोडाक्षरं धड निघणं शक्य नाही. दुसऱ्या टोकाला, योगवर्गात शिकलेला लांबलचक ॐकार प्रत्येक मण्याला लावणारेही असतात. प्लुत म्हणजे तीन मात्रा, तेवढा पुष्कळ झाला. दर वेळी छाती रिकामी होईपर्यंत ॐ ओढला तर पंधरा मिनिटांत डोकं हलकं होतं, आणि मग त्याला ‘अनुभव’ म्हणण्याचा मोह होतो. तो श्वासाचा हिशेब चुकल्याचा परिणाम असतो.

श्वासाला मंत्राशी दाव्याने बांधायची गरज नाही. छोटा मंत्र एका उच्छ्वासात दोन-तीनदा बसतो, मोठ्या मंत्रात थांब्यांवर श्वास घ्यावा. शब्दाच्या मध्ये घेऊ नये आणि श्वास आत ओढता ओढता उच्चारू नये. तसं म्हटलेलं अक्षर चिरकतं.

वाचिक (मोठ्याने), उपांशु (ओठांतल्या ओठांत) आणि मानसिक (मनातल्या मनात) हे जपाचे तीन प्रकार सगळ्यांना ठाऊक असतात. मनुस्मृतीत (२.८५) विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट, उपांशु शंभरपट, मानसिक हजारपट असा चढता हिशेब आहे. तो वाचून नवा माणूस पहिल्या दिवसापासून मानसिक जपाला बसतो. इथेही घाईच. वाचिक जपात जीभ, ओठ, गळा हे मंत्राला लगाम घालतात. त्यांना जितका वेळ लागतो तितका मंत्र लांब. मानसिक जपाला हा लगाम नाही. चार-सहा माळांत मंत्राचा आकार जाऊन त्याची नुसती सावली फिरू लागते, ‘नमशिव नमशिव’ अशी. म्हणून निदान काही महिने बैठकीचा पहिला भाग वाचिक, मधला उपांशु आणि शेवटची एखादी माळ मानसिक ठेवावी. पेंग यायला लागली, गती सुटली, की सरळ वाचिकावर परत यावं. त्यात कमीपणा काही नाही.

उपांशु म्हणजे फुसफुसणं नव्हे. ओठ आणि जीभ हलतात, शेजारच्याला शब्द कळत नाहीत, एवढंच. फुसफुसताना हवा जास्त जाते आणि तिसऱ्या माळेला घसा कोरडा पडतो. हवा कमी सोडून जिभेचं काम पुरतं करायचं, म्हणजे घसा टिकतो. मानसिक जपातही घसा दुखत असेल तर जीभ आत नकळत चालते आहे असं समजावं. जबडा सैल सोडला की ती थांबते.

माळेबद्दल लोक फार बोलतात. विष्णू, राम, कृष्ण, विठ्ठल यांच्या जपाला तुळशीची, शिवाला रुद्राक्षाची, लक्ष्मीला कमळाक्षाची (कमळाच्या बियांची), देवी-गणपतीला रक्तचंदनाची ही रूढी आहे आणि स्फटिकाची कशालाही चालते. पण बोटांना फरक पडतो तो आकाराचा. जपाला सहा ते आठ मिलिमीटरचा मणी बरा. गळ्यात शोभणारा मोठा रुद्राक्ष हातात जड होतो आणि मनगट अर्ध्या तासात भरून येतं. दोन मण्यांमध्ये गाठ हवीच. गाठीमुळे एका वेळी एकच मणी अंगठ्याखाली येतो, मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि सूत तुटलं तरी मणी घरभर होत नाहीत. तुळशीच्या मण्याचं भोक आतून खरबरीत असतं, ते सूत कापतं. मेरूजवळची, म्हणजे माळ जुळते तिथल्या जादा मण्याजवळची, गाठ आधी झिजते. ती दर महिन्याला पाहावी आणि सूत तुटायची वाट न पाहता ओवून घ्यावं. तुळशीची माळ पाण्यात बुडवून धुऊ नये. मणी फुगतो आणि वाळताना चिरतो. जपाची माळ गळ्यात घालायची नाही, गळ्यातली जपाला घ्यायची नाही. यामागे शास्त्र आहेच, शिवाय गळ्यातल्या माळेचं सूत घामाने लवकर कुजतं.

धरायची ती उजव्या हातात. माळ मधल्या बोटावर किंवा अनामिकेवर टांगलेली, अंगठ्याने एक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लांब. ती माळेला लागू द्यायची नाही. मंत्र पुरा झाल्यावर मणी सरकवायचा, मंत्र चालू असताना नाही. ही चूक हमखास होते: बोट पुढे जातं आणि तोंड त्याच्यामागे धावतं. १०८ वा मणी झाला की मेरू ओलांडायचा नाही. माळ उलटवायची, जो मणी शेवटचा होता तोच पुढच्या माळेचा पहिला. काही जण तो सोडून पुढचा घेतात आणि दुसऱ्या माळेपासून १०७ च होतात. माळा किती झाल्या यासाठी गोमुखीच्या, म्हणजे हात आत घालून जप करायच्या पिशवीच्या, बंदाला दहा सरकते मणी ओवून घ्यावेत. हात गोमुखीत ठेवायचा तो माळ लपवायला, आणि मांडीवर टेकवायचा तो मनगटासाठी. छातीशी हात अधांतरी धरून दहा माळा होत नाहीत.

माळ नसली तर करमाळा आहे, आणि ती शिकून ठेवावी. उजव्या हाताच्या अनामिकेचं मधलं पेर एक. तिचंच खालचं पेर दोन. करंगळीचं खालचं तीन, मधलं चार, टोकाचं पाच. अनामिकेचं टोक सहा, मधल्या बोटाचं टोक सात, तर्जनीचं टोक आठ, मधलं नऊ, खालचं दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही. दर दहाला डाव्या हाताचं एक पेर पुढे सरकवायचं. असे दहा दहाक झाले की शंभर. उरलेले आठ मोजताना अनामिकेच्या खालच्या पेरापासून सुरुवात करून तर्जनीच्या मधल्या पेरावर थांबायचं. बोटं एकमेकांना चिकटलेली हवीत. फटी ठेवू नयेत असं जुने लोक सांगतात. हा क्रम गायत्रीच्या जपात चालतो तो, शक्तीच्या उपासनेत निराळा आहे.

संकल्पाचा हिशेब कागदावर करावा, मनात नव्हे. पुरश्चरणाचा, म्हणजे ठरलेल्या संख्येच्या पूर्ण जपाचा, सर्वसाधारण नियम ‘अक्षरलक्ष’, म्हणजे जितकी अक्षरं तितके लाख. पंचाक्षरीला पाच लाख, गायत्रीला चोवीस लाख. माळेत मणी १०८ असले तरी हिशेबात शंभरच धरतात, आठ चुकभुलीचे. रोज दहा माळा म्हणजे एक हजार. गायत्रीचे चोवीस लाख व्हायला २४०० दिवस, म्हणजे साडेसहा वर्षं, आणि रोजची बैठक तीन तासांच्या घरात. पंचाक्षरीचे पाच लाख त्याच दहा माळांनी ५०० दिवसांत होतात, रोज चाळीस मिनिटं. सव्वा लाखाचा संकल्प चाळीस दिवसांत बसवायचा तर रोज ३१२५, म्हणजे बत्तीस माळा. पंचाक्षरीला दोन तासांहून थोडं अधिक. नोकरी करणाऱ्याने आधी हा भागाकार करावा.

समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरीचा तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. भागाकार केला तर रोजचे २९ हजार सहाशेहून अधिक येतात, शंभराच्या हिशेबाने सुमारे २९७ माळा. दोन सेकंदांना एक धरला तरी साडेसोळा तास. हा आसनावर बसून मोजलेला आकडा नव्हे, उठता-बसता चाललेल्या अखंड नामाचा आहे. तो वाचून आपण स्वतःचा आकडा ठरवू नये.

जप पुरा झाल्यावर दशांश होम, त्याचा दशांश तर्पण, त्याचा दशांश मार्जन (मंत्र म्हणत पाणी शिंपडणं), त्याचा दशांश ब्राह्मणभोजन. पाच लाखांवर पन्नास हजार आहुती, पाच हजार तर्पणं, पाचशे मार्जनं, पन्नास पानं. होम शक्य नसेल तर होमसंख्येच्या दुप्पट ते चौपट जप वाढवून करतात. रोजची संख्या एकदा ठरली की कमी-जास्त करायची नाही. आज सुटी आहे म्हणून वीस माळा आणि उद्या दोन, हे अनुष्ठानात बसत नाही.

बसण्याचं थोडक्यात. पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड, खाली दर्भासन किंवा लोकरीचं कांबळं. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधीपासून ४८ मिनिटं आधीपर्यंत; घड्याळातले चार नव्हेत, तो ऋतूप्रमाणे सरकतो. पाय बधिर होत असतील तर कमरेखाली तीन-चार बोटं उंचीची घडी घालावी. गुडघे कमरेपेक्षा खाली आले की पाठ आपोआप सरळ राहते. गुडघे बिघडलेल्याने खुर्चीवर बसावं, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये.

मन भटकतं तेव्हा काय करायचं? भटकलेलं कळलं की चालू मंत्र पुरा करून पुढच्यापासून लक्ष द्यायचं. माळ पहिल्यापासून सुरू करायची नाही. तसं केलं तर पहिले वीस मणीच आयुष्यभर चालतील. योगसूत्रात (१.२८) प्रणवाच्या, म्हणजे ॐच्या, जपाला ‘तदर्थभावनम्’ जोडलं आहे, अर्थ मनात धरणं. प्रत्येक मण्याला सगळा अर्थ उलगडणं जमत नाही. एका माळेला मंत्रातला एकच शब्द धरावा. गायत्रीत एका माळेला ‘धियः’, पुढच्या माळेला ‘भर्गः’.

बीजमंत्र, न्यास, कीलक (मंत्राला घातलेली खीळ) असलेले मंत्र गुरुमुखातून घ्यावेत. मोबाईलवर कुणी सात दिवसांत फळ देणारं बीज वाटत असेल तर ते सोडून द्यावं. नाममंत्राला ही अट नाही. ‘राम कृष्ण हरि’ला ना न्यास, ना विनियोग, ना वेळ. वारकरी तो चालताना म्हणतो आणि टाळाच्या तालात अक्षर ओढतो. वर सांगितलेली अक्षरांची कडक मोजणी तिथे लावत बसू नये. ‘श्रीराम जय राम’सुद्धा मराठी ओठांवर तेरा अक्षरांचा राहत नाही, सातच ठोके पडतात. नामात ते खपतं. त्याचंच पुरश्चरण करायचं ठरवलं तर मात्र तेराही म्हणावीत.

शेवटी उठण्याची घाई. शेवटचा मणी झाला की लगेच फोन उचलू नये. उजव्या हातात पळीभर पाणी घेऊन जप देवाला अर्पण करायचा. देवाचा असेल तर त्याच्या उजव्या हाताशी, देवीचा असेल तर डाव्या हाताशी पाणी सोडतात. आसनाखाली एक थेंब टाकून तो ओला हात कपाळाला लावतात. मग पाय मोकळे करून दोन मिनिटं तसंच बसावं, मंत्र आपोआप चालत असेल तर चालू द्यावा. माळ गोमुखीत ठेवताना गोळा करून कोंबू नये. मेरू वर येईल अशी दुमडून ठेवावी, म्हणजे पहाटे दिवा न लावताही पहिला मणी बोटाला सापडतो.